ती गाडीत भरभरून बोलते, बाजारात ओळखही दाखवत नाही. तिच्या मनात काय असेल?

तू १९ वर्षांचा आहेस, मी ३४ची, म्हणून तुला 'तू' म्हणते. तुझ्या प्रश्नातलं मला कळलं ते असं: ती तुझ्याच एसटीने कॉलेजला येते, गाडीत हसून बोलते, तुझं स्टेटस लगेच बघते, एकदा तुझ्यासाठी जागाही धरली. पण गावच्या बाजारपेठेत समोर आली की मान खाली घालून निघून जाते. आठ महिने तू याचा अर्थ लावतोयस.

मी एकेकाळी त्या मुलीच्या जागी होते.

आमचं घर धोपाव्याच्या बाजूला. सकाळी फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला यायचं आणि तिथून एसटीने दापोली, तासाभराचा प्रवास. गाडी दाभोळलाच भरायची. एक मुलगा रोज खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचा. मी बसायचे. मे महिन्यात घरची आंबापोळी नेली तेव्हा त्यालाही दिली, इकॉनॉमिक्सच्या नोट्स दिल्या, त्याच्या विनोदांना हसले. शिमग्यात पालखी आमच्या दारात आली तेव्हा तो मित्रांबरोबर आला होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. शेजारी चुलते उभे होते.

तिसऱ्या वर्षी त्याच्या मित्राने मला सांगितलं की तो अडीच वर्षं या सगळ्याची नोंद ठेवतोय. त्यात एक शोधही होता, की मी सोमवारी बोलते आणि गुरुवारी तोंड फिरवते. मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा. गुरुवारी माझी आत्या त्याच गाडीने दापोलीला शिवणक्लासला यायची. मी कुणाशी दोन शब्द बोलले तरी उतरताना विचारायची, "कोण गो तो? कुणाचा?" त्या 'कुणाचा'ला उत्तर देण्यापेक्षा खिडकीबाहेर बघणं सोपं होतं.

आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हिशेब सहसा जुळायचा, कारण समुद्र चंद्राच्या मागे जातो. त्या मुलाने माझंही तसंच पंचांग मांडलं होतं, फक्त त्यात आत्या धरलेली नव्हती.

त्यामुळे बाजारातल्या मान खाली घालण्यावरून काही ठरवू नकोस. आपल्याकडे बाजारपेठेत किराणावाल्यापासून मच्छीवालीपर्यंत सगळे तिला 'अमक्याची मुलगी' म्हणून ओळखतात. पण मग गाडीतल्या हसण्यावरूनही काही ठरवू नकोस. इथे तुझ्यासारखे सगळे फसतात. बाजारातलं वागणं 'लाजते' म्हणून सोडून द्यायचं आणि गाडीतलं मात्र पुरावा म्हणून जपायचं. तासभर दप्तर घेऊन वळणावळणाच्या रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा मी त्या रुमालाच्या जागेवर बसले, इतकंच होतं ते. माझ्याकडून तरी. आणि स्टेटसचं म्हणशील तर एकाचं उघडलं की पुढच्यांची आपोआप सुरू होतात. रात्री अंथरुणावर पडून मी तीस जणांची बघते, त्यात आमचा गॅसवालाही असतो.

मी काही फार शहाणी नव्हते. पुढे रत्नागिरीला नोकरी लागली तेव्हा ऑफिसातल्या एकाच्या वागण्याचा मीही असाच अर्थ लावत बसले. तो कधी चहाला हाक मारायचा, कधी आठवडाभर नाही. रोज मारली असती तर मला त्याचं इतकं वेड लागलं नसतं असं आता वाटतं. गरी टाकून बसणाऱ्याला विचार. दर वेळी मासा लागला तर तो घरी जातो, कधीच नाही लागला तरी जातो. मध्येच एखादी तांबोशी लागते म्हणून तो अंधार पडेपर्यंत खडकावर बसून राहतो. डोरोथी टेनोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली या अवस्थेवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि तिला 'लिमरन्स' असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की हे वेड आशा आणि अनिश्चितता या दोन्हींवर पोसतं. तुझे आठ महिने त्यावरच चाललेत. त्यात तिचा दोष नाही, तिला कदाचित पत्ताही नसेल.

तुला खरंच काही बघायचं असेल तर एवढं बघ: ती आपणहून कधी काही सुरू करते का? तू चार दिवस दुसऱ्या गाडीने गेलास तर "कुठे होतास?" म्हणते का? म्हणाली तरी ते प्रेमच असं नाही, पण निदान विचारायला हरकत नाही इतकं कळेल. मग एकदाच, स्वतः, साध्या शब्दांत विचार. मित्राला मध्ये घालू नकोस. माझ्या बाबतीत तो मित्र आला आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुढे ड्रायव्हरच्या मागे बसू लागले. त्या मुलाशी मी एक शब्दही बोलले नाही. सरळ सांगायला हवं होतं, याची मला अजून लाज वाटते.

"नाही" म्हणाली तर नाही. "बघू" म्हणाली तरी नाहीच धर. आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते तुला लग्नाच्या बैठकींतून माहीत असेल. त्यानंतर रुमाल टाकणं बंद कर, आणि शिमग्यात तिच्या वाडीत फिरकू नकोस.

आणि हो, गाडीत विचारू नकोस. चालत्या गाडीतून तिला उठून जाता येत नाही, आणि मागच्या सीटवर कुणाची तरी आत्या असतेच. स्टँडवर उतरल्यावर विचार, जिथून ती दोन पावलांत निघून जाऊ शकेल अशा जागी.