बाईंना विचारा : पेटीतले जादा पन्नास

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत इंटरॅक्ट क्लब, गाईड, एनसीसी आणि हरित सेना आहे, आणि तिला चारही हवंय. तिचे बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी, एकही नको. मला वाटतं, उद्या परदेशात शिकायला जायचं म्हटलं तर हीच प्रमाणपत्रं उपयोगी पडतील. इंटरॅक्टमध्ये प्रत्येकीने दोन हजार रुपये जमवायचे आहेत. ते ह्यांच्या ऑफिसात एका दुपारी जमतील. काय करावं?

उत्तर : चारांतलं एक घेऊ द्या. आणि ऑफिसात डबा फिरवू नका.

एनसीसीचं आधी सांगते, म्हणजे ते यादीतून जाईल. शाळेतला कोर्स दोन वर्षांचा असतो आणि शेवटी 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा. म्हणून आमच्याकडे आठवीलाच भरती व्हायची. आता शिरली तर दुसरं वर्ष नेमकं दहावीचं. हरित सेना, म्हणजे शाळेचं झाडं-पर्यावरणाचं पथक, छान असते, पण बहुतेक शाळांत ती एकाच शिक्षकाच्या हौसेवर चालते. ते बदलून गेले की कुंड्या सुकतात. तुमच्याकडे तसे कुणी आहेत का, ते मुलीला विचारा, तिला बरोबर माहीत असेल.

राहता राहिले इंटरॅक्ट आणि गाईड. इंटरॅक्ट हे रोटरीचं शाळकरी रूप. १९६२ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका शाळेत सुरू झालं, वय १२ ते १८. वर्षाला निदान दोन प्रकल्प करायचे असतात : एक शाळेसाठी किंवा आपल्या गावासाठी, दुसरा इतर देशांची ओळख वाढवणारा. म्हणजे कामं करायची असतात. दोन हजारांचा आकडा कुणाच्या डोक्यातून निघाला, ते विचारून घ्या.

पैशांवरून एक गोष्ट सांगते, ती माझ्याच चुकीची आहे. मी नौपाड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि गाईडची कंपनी, म्हणजे मुलींचं पथक, सांभाळायची. 'खरी कमाई'चा दिवस होता. स्काऊट-गाईड केलेल्यांना सांगायला नको : मुलांनी स्वतः काहीतरी करून, विकून पैसे मिळवायचे. मोगरा संघाच्या मुलींनी भेळ ठेवली होती, प्लेट ५ रुपये. मैदानाच्या कोपऱ्यात दोन बाकं जोडलेली, त्यावर वर्तमानपत्रं. चिंचेची चटणी इतकी पातळ झाली होती की बाक पुसायला एक मुलगी वेगळी ठेवावी लागली. कुपनं ८६ फाटली. म्हणजे पेटीत ४३० हवेत. मी सहज मोजले तर ३८५. पोरींचे चेहरे पडतील म्हणून मी कुणाला न सांगता माझ्या पर्समधली पन्नासची नोट आत सरकवली. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं!

संध्याकाळी खजिनदार मुलगी वही घेऊन आली. "बाई, पन्नास रुपये जास्त भरतायत." मी म्हटलं, कुपनं ८६, पैसे ४३५, फार तर पाचच जास्त. तिने वहीचं मागचं पान उघडलं. तिथे नऊ नावं. मैत्रिणींनी 'उद्या देते' म्हणून खाल्लेल्या नऊ प्लेटी, ४५ रुपये. म्हणजे पेटीत ३८५च असायला हवे होते, आणि ते कमी आहेत हे तिला दुपारीच ठाऊक होतं. पोरींनी तीनदा मोजले. एक म्हणाली, "जास्त आले तर बरंच आहे की!" खजिनदार म्हणाली, "मग ह्या नऊ जणींकडे आता कशाच्या तोंडाने मागायचे?" मला कबूल करावं लागलं. तिने नोट काढून माझ्या हातात दिली, वर "असं करू नका ना बाई" असंही म्हणाली. पुढच्या आठवड्यात सात जणींनी पैसे आणून दिले. दोघींनी दिलेच नाहीत. 'येणे १०' अशी नोंद मी वर्ष संपेपर्यंत त्या वहीत पाहत होते. कुरमुरे-शेव-कांदे-कुपनांचा खर्च ३१०. उरलेल्या ११० रुपयांत प्रथमोपचार पेटीचा कापूस आणि बँडेज आलं.

तुमच्या यजमानांचं ऑफिस म्हणजे ती पन्नासची नोट. दोन हजार जमतील, पण मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर काहीच नसेल. तिला बिल्डिंगमधून रद्दी गोळा करू दे, दिवाळीत पणत्या रंगवून विकू दे. तीनशेच जमले तर तीनशे घेऊन जाऊ दे. घेत नसतील, तर त्या क्लबाचं काय ते तिलाही कळेल.

पाहुणे बोलावणं, परवानगीचं पत्र लिहिणं, वेळ ठरवणं, ह्यातही आईने हात घालायचा नाही. तुमच्याच भागात एका शाळेच्या मुलांनी खाडीकिनारी साफसफाई ठेवली होती. मलाही बोलावलं होतं. दिवस अमावस्येचा, वेळ सकाळी अकराची. आपल्या खाडीला पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या सुमाराला भरती. कचरा सगळा पाण्याखाली, चाळीस मुलं हातमोजे घालून काठावर उभी. दिवाळे गावच्या एका कोळी आजीने त्यांना तिथेच तिथीचा हिशेब शिकवला. पुढच्या खेपेला त्यांनी अष्टमी निवडली, तेव्हा दुपारी ओहोटी होती. ती वेळ आईने गुगल करून दिली असती, तर?

तिच्या बाबांना सांगा, आठवड्याला दोन तास जातात. तेवढे मोबाईलमध्येही जातात. नववीत मनापासून करू दे, दहावीला जून-जुलैत सूत्रं आठवीच्या मुलींकडे देऊन मोकळी होऊ दे. परदेशी प्रवेशाचा विचार तिने बारावीला करावा. अर्जात चार नावं लिहिणारी पुष्कळ असतात, एका कामाविषयी दोन पानं लिहिता येणारी थोडी.

प्रश्न : मी अकरावीला आहे, कळव्याला राहतो. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेतलं, पण कार्यक्रम म्हणजे झाडू हातात धरून फोटो. पंधरा मिनिटांचे तीन तास मांडतात. सोडू का?

उत्तर : सोडू नकोस, पण आधी स्वतःची वही घाल. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर, हे तुला माहीत आहेच. तू खरे झालेले तास लिही. पंधरा मिनिटं असतील तर पंधराच. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. चोवीस तासांची तयारी दाखवणारा बिल्ला लावून पंधरा मिनिटांचे तीन तास करायचे, हे तुला खटकलं, ते बरंच झालं.

मग कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, काम घेऊन जा. फोटो निघणार नाही असं काम. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात, आणि लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो. तू अकरावीत आहेस, म्हणजे बारावीच्या मुलाला चालशील. ऐन वेळी लेखनिक आला नाही म्हणून परीक्षा केंद्राबाहेर रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. अक्षर सुवाच्य हवं, सांगितलेलं तसंच लिहायची सवय हवी. स्वतःची अक्कल तिथे चालवायची नाही. सरावासाठी तासभर त्या मुलाबरोबर आधी बसायला हवं.

दुसरं, गणपतीत ठाण्यात मासुंदा किंवा उपवन तलावावर निर्माल्य वेगळं करायला जा. हारातला दोरा, थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं, टाचण्या काढाव्या लागतात, नाहीतर खत होत नाही. दीड दिवसाच्या विसर्जनाला रात्री अकरापर्यंत बोटं चिकट होतात आणि झेंडूचा वास दोन दिवस जात नाही. तिथे कुणी झाडू धरून उभं राहत नाही.

प्रश्न : नातू आठवीत आहे, शाळेने त्याला आरएसपीत, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकात, घेतलंय. शाळा सुटताना शिट्टी घेऊन रस्त्यावर उभा असतो. कोपरीची वाहतूक तुम्हाला माहीत आहे. काळजी वाटते. वर, मी घ्यायला गेलो की सगळ्यांसमोर मला 'आजोबा, इथे नाही' म्हणून ओरडतो.

उत्तर : शिक्षक किंवा वाहतूक पोलीस शेजारी असल्याशिवाय मुलांनी रस्त्यावर उतरायचं नाही. हे मुख्याध्यापकांना जाऊन स्पष्ट विचारा, आणि लेखी विचारा. गाड्या अडवणं पोलिसांचं काम, मुलांनी पदपथावर मुलांनाच थांबवायचं.

राहिला ओरडण्याचा प्रश्न. तुम्ही स्कूटर फाटकासमोर लावत असणार. पुढच्या वळणावर लावत जा.