नव्या घराचं प्लंबिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साताऱ्याजवळ आमचा बंगला बांधून होतोय. बाथरूमच्या भिंतींत पाइप टाकून झाले. प्लंबर म्हणतो, 'टाकी जोडली की गळती कळेलच, आता टाइल्स लावून घ्या.' ऐकावं का?

अजिबात ऐकू नका. टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असली तरी तिथे दाब मिळतो जेमतेम 0.3 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). अर्धवट चिकटलेला सांधा तेवढ्यात गळत नाही. पुढे प्रेशर पंप बसतो, गीझरचं पाणी फिरू लागतं आणि टाइल्समागे ओल धरते.

सांध्यांचं सॉल्व्हंट सिमेंट दिवसभर सुकू द्या. मग सगळ्या तोंडांना प्लग मारा आणि एका तोंडाला गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याचा, हातपंप लावा. पाणी भरताना पाइपातली हवा पूर्ण काढून टाका. पाइप सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) असेल तर साधारण 10 किलोपर्यंत दाब चढवतात. आधी कंपनीच्या पत्रकातला आकडा बघा. काटा तासभर तरी जागचा हलता कामा नये. उतरला, तर एकेक सांध्यावरून कोरडा कागद फिरवा. ओला झाला तिथे गळती. पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा मात्र भरू देऊ नका, पाइप फुटला तर तुकडे उडून माणूस जखमी होतो.

पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवण्याआधी भिंतीला मोजायचा टेप लावून फोटो काढा. उद्या आरसा लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही. प्लंबरचा पुढचा हप्ता काटा स्वतः बघितल्यावरच द्या.

प्रश्न : नव्या बाथरूममध्ये पाणी नहाणीकडे (पाणी वाहून जाणाऱ्या जाळीकडे) न जाता दाराशी साचतं. मिस्त्री म्हणतो, वायपर मारत जा.

उतार मीटरला 10 ते 12 मिलिमीटर हवा. तो चुकला असेल तर फरशी काढण्याला पर्याय नाही. फरशी उखडताना वॉटरप्रूफिंगला धक्का बसतोच, म्हणून फरशीखालचा कोबा दुरुस्त झाल्यावर नहाणी बंद करून 24 तास पाणी साठवा आणि खालच्या खोलीचं छत तपासा. नवी फरशी त्यानंतरच. खर्च मिस्त्रीचा, चूक त्याची आहे.

प्रश्न : संडासाचा 110 मिलिमीटरचा पाइप नेण्यासाठी प्लंबरने बीम फोडला. सिमेंट भरून चालेल का?

नाही. काम आजच थांबवा. आत सळई किंवा रिंगा कापल्या गेल्या असतील, तर वरचं सिमेंट त्या जोडत नाही. भोक तसंच उघडं ठेवा, फोटो काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला साइटवर बोलवा. ते सांगतील तीच दुरुस्ती. पाइप बीमखालून वळवा, दिसला तरी चालेल.

प्रश्न : फ्लॅटचा ताबा घेऊन वर्ष झालं, बेडरूमच्या भिंतीला ओल येतेय. बिल्डर टोलवाटोलवी करतो.

रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या, कलम 14 (3) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत कामातला असा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. फोनवर बोलत बसू नका; फोटो जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या. महिना उलटला तर महारेराकडे (या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) तक्रार करा. तोवर त्या भिंतीला रंग लावू नका, ओलीचा डाग हाच तुमचा पुरावा आहे.