‘अळणी’ म्हणजे नेमके काय? ‘सपक’ आणि ‘बेचव’ यांहून ते वेगळे कसे?

‘अळणी’ आणि ‘सपक’ एकच का, आणि कोणत्याही बेचव पदार्थाला अळणी म्हणता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या तिन्ही शब्दांत चांगलेच अंतर आहे आणि रोज स्वयंपाक करणारी माणसे ते सहसा पाळतात.

अळणी म्हणजे मीठ नसलेले, किंवा जिभेला जाणवणार नाही इतके कमी मीठ असलेले. हा शब्द संस्कृत ‘अलवण’पासून आला, हिंदीतला ‘अलोना’ त्याच कुळातला. ‘लोणचे’ या शब्दातही हेच लवण मुरलेले आहे. (‘लोणी’ मात्र ‘नवनीत’पासून आले असल्यामुळे त्याचा मिठाशी संबंध नाही.) मूळ अर्थ इतका नेमका असल्याने जीभ पोळवणारी झणझणीत आमटीसुद्धा मीठ घालायचे राहून गेल्यास अळणीच ठरते, तिला सपक म्हणता येणार नाही, कारण सपक पदार्थात तिखट, मसाला, मीठ असे सगळेच बेताचे असते. करपलेली भाजी बेचव लागेल, पण अळणी नव्हे.

‘वरण अळणी लागते’ हे जेवणाऱ्याचे मत झाले. ‘वरण अळणी राहिले’ असे म्हटले की मीठ घालणाऱ्याकडून कमी पडल्याचे सूचित होते. हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही: अळणी भात, अळणी भाजी, अळणी पोहे.

कोल्हापूरकडे मात्र या शब्दाने वेगळीच वाट धरली आहे. तेथे हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचे तिखट न घातलेले पाणी ‘अळणी पाणी’ किंवा नुसते ‘अळणी’ म्हणून ओळखले जाते. मीठ असूनही अळणी, कारण शब्दाचा रोख मिठावरून तिखटावर सरकला आहे. तेव्हा कोशातला अर्थ धरून तेथे चव न घेताच वरून मीठ घेऊ नये.

लाक्षणिक अर्थाने भाषण किंवा कथा अळणी असते, म्हणजे मजकूर सगळा जागच्या जागी असूनही खुमारी नसते. विनोदाला ‘पांचट’ आणि ठामपणा नसलेल्या उत्तराला ‘मिळमिळीत’ म्हणण्याची रूढी आहे. तेथे ‘अळणी’ लिहिल्यास ते चूक ठरणार नाही, पण कानाला खटकेल.