‘थ्रोन रूम’वर ‘थ्रोन रूम’: डॉमिनियनमधले अडलेले डाव

प्रश्न : डॉमिनियन या पत्त्यांच्या खेळात एका ‘थ्रोन रूम’ने दुसरी ‘थ्रोन रूम’ खेळली, तर पुढची ‘स्मिदी’ (तीन पत्ते ओढू देणारा पत्ता) चार वेळा चालते का? आमच्या गटात यावरून नेहमी वाद होतो. (नाशिक)

उत्तर : नाही, दोनच वेळा. थ्रोन रूम हातातला एक अ‍ॅक्शन पत्ता दोनदा खेळवते. त्यामुळे पहिली थ्रोन रूम दुसरीला दोनदा खेळवते आणि दुसरी प्रत्येक खेपेला हातातला नवा पत्ता निवडून तो दोनदा खेळवते. एकदा मांडलेली स्मिदी हातात उरलेली नसते, म्हणून पुढच्या खेपेला तीच निवडता येत नाही.

समजा, हातात दोन थ्रोन रूम, स्मिदी, मार्केट आणि एक कॉपर (एका नाण्याचा पत्ता) आहे. आधी स्मिदी निवडा. ती दोन्ही वेळा पूर्ण चालून सहा पत्ते हातात येतात. दुसरा पत्ता त्यानंतरच निवडायचा असतो. दोन्ही पत्ते सुरुवातीलाच जाहीर करण्याची चूक बरेच जण करतात आणि नव्याने आलेला चांगला पत्ता वाया घालवतात. मग मार्केट दोनदा खेळलं, की आणखी दोन पत्ते, दोन अ‍ॅक्शन (म्हणजे अ‍ॅक्शन पत्ता खेळण्याच्या संधी), दोन जादा खरेदी आणि दोन नाणी मिळतात. एवढ्या सगळ्याला अ‍ॅक्शन एकच खर्ची पडते, ती पहिल्या थ्रोन रूमची. तिच्यामुळे खेळल्या गेलेल्या पत्त्यांसाठी वेगळी अ‍ॅक्शन वजा करू नका.

दोनदा खेळताना पत्त्यावरची अट मात्र नीट वाचा. ‘मनीलेंडर’ एक कॉपर ट्रॅश केल्याबद्दल, म्हणजे खेळातून कायमचा बाद केल्याबद्दल, तीन नाणी देतो. सहा हवी असतील तर हातात दोन कॉपर लागतात. ‘इंट्रीग’ या विस्तार संचातलं ‘मायनिंग व्हिलेज’ स्वतःला ट्रॅश करण्याच्या बदल्यात दोन नाणी देतं. ते एकदाच ट्रॅश होऊ शकतं, म्हणून नाणीही एकदाच. त्याने मिळणारा पत्ता आणि अ‍ॅक्शन मात्र दोन्ही वेळा. पहिल्या आवृत्तीतल्या ‘फीस्ट’वर अशी अट नाही: ‘हा पत्ता ट्रॅश करा’ आणि ‘पाचपर्यंत किमतीचा पत्ता घ्या’ अशी दोन स्वतंत्र वाक्यं आहेत. दुसऱ्या खेपेला ट्रॅश करण्याजोगं काही उरलं नसलं, तरी दुसरा पत्ता मिळतोच. २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीत फीस्ट वगळला आहे, पण जुना संच असणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

प्रश्न : ‘विच’ (स्वतः दोन पत्ते ओढून इतरांना वजा गुणाचा ‘कर्स’ देणारा हल्ल्याचा पत्ता) थ्रोन रूमने खेळली, तर ‘मोट’ (हल्ल्यापासून वाचवणारा पत्ता) एकदा दाखवून पुरते का? (ठाणे)

उत्तर : पुरत नाही. विच दोनदा खेळली जाते, म्हणून हल्लेही दोन. मोट दाखवूनही हातातच राहतो, तेव्हा दोन्ही वेळा दाखवा. दुसऱ्यांदा राहून गेलं तर एक कर्स घ्यावा लागेल. दाखवायचा तोही विच खेळताक्षणी, समोरच्याने पत्ते ओढण्याआधी. मोटने फक्त तुमचा बचाव होतो, विचवाला आपले चार पत्ते घेतोच.

तिघांच्या डावात कर्स २० असतात. शेवटचा एकच उरला, तर तो विचवाल्याच्या डावीकडच्याला, आणि त्याने मोट दाखवला असेल तर त्याच्या पुढच्याला. डाव संपवणाऱ्या तीन रिकाम्या गड्ड्यांत कर्सची गड्डीही धरतात.

प्रश्न : गड्डीत दोनच पत्ते असताना स्मिदी खेळली. आधी पिसायचं की आधी ओढायचं? (बेळगाव)

उत्तर : दुसऱ्या आवृत्तीच्या नियमानुसार आधी डिस्कार्डचे (वापरून टाकलेले) पत्ते पिसून त्या दोनच्या खाली ठेवा आणि मग तीन ओढा. टेबलावरची स्मिदी त्या पिसण्यात येत नाही. गड्डी नुसती संपली म्हणून पिसू नका. पुढचा पत्ता लागेल तेव्हाच पिसा. घाईने पिसलं आणि त्यानंतर गोल्ड विकत घेतलं, तर ते डिस्कार्डमध्ये पडून राहतं आणि पुढच्या पिसणीपर्यंत हाती लागत नाही. खेळीच्या शेवटीही हातातले आणि टेबलावरचे सगळे पत्ते आधी डिस्कार्ड करा, मगच नवे पाच ओढा.