नाशिकमध्ये राहून घरच्या घरी सिंथेसायझर किंवा थेरेमिनसारखं एखादं विचित्र वाद्य बनवता येईल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पेटी थोडीफार येते, सोल्डरिंग कधी केलं नाही, पाच हजार जमवलेत आणि त्यातून कीबोर्ड घ्यावा की वाद्य स्वतः बनवावं हे ठरत नाहीये. पाच हजार तसेच राहू द्या. त्यातले पाचशे बाजूला काढा आणि एकच आवाज काढणारं वाद्य बनवा.

मी अंबडला कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करतो. दिवसभर पोटापाण्याचं वायरिंग, संध्याकाळी सिडकोतल्या घरी हे नसते उद्योग. त्यामुळे बोलतोय ते स्वतःचे हात पोळून.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे पट्ट्या असलेलं आणि वायर लागणारं सगळं 'कॅसिओ'च असतं. पण त्या कीबोर्डात शेकडो आवाज तयार भरलेले असतात, आपण फक्त नंबर दाबायचा. खऱ्या सिंथेसायझरमध्ये आवाज घडवावा लागतो. ऑसिलेटर कच्चा भोंगा देतो, फिल्टर त्यातला करकरीतपणा कापतो, आणि सूर सतारीसारखा टणकन उमटून विरणार की पेटीसारखा टिकून राहणार हे एन्व्हलप ठरवतो. १९७० चा मिनिमूग घ्या नाहीतर आजचं खिशात मावणारं यंत्र, बरीचशी मंडळी याच तीन गोष्टींवर उभी आहेत. म्हणून सुरुवात भोंग्यापासून.

४०१०६ नावाची चौदा पायांची आयसी (छोटी चिप) मिळते, मला वीस-तीस रुपयांत मिळाली होती. ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकांत पाय खोचून जोडणी करायच्या पाटीवर, बसवा, म्हणजे सोल्डरिंगची गरजच नाही. १४ नंबरच्या पायाला नऊ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस, ७ ला मायनस. पाय १ आणि २ यांच्यामध्ये एक मेगओहमचा पॉट (रोध कमी-जास्त करायची फिरती खुंटी) आणि त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, १० किलोओहमचा रेझिस्टर. पाय १ पासून मायनसला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ३, ५, ९, ११, १३ हे पाय मायनसला बांधून टाका, मोकळे सोडले तर आयसी वेड्यासारखी वागते. आवाज पाय २ वरून घ्यायचा, पण मध्ये १०० किलोओहम सिरीजला आणि त्याच्या पुढे १० किलोओहम मायनसला लावून, मग स्पीकरच्या ऑक्समध्ये. हेडफोन थेट लावू नका, कानठळ्या बसतील.

आत काय चालतं? कपॅसिटर भरतो, एका पातळीला पोचला की आयसी उलटते, मग तो रिकामा होतो, खालच्या पातळीला आला की पुन्हा उलटते. बस. पॉट एका टोकाला असेल तेव्हा सेकंदाला दहाएक टकटक ऐकू येतात. आता पॉट हळूहळू फिरवा. टकटक जवळ जवळ येते, मग तिची घरघर होते, आणि एका जागी ठोके मोजता येईनासे होऊन चक्क सूर ऐकू येतो. लय वाढवत नेली की तिचाच स्वर होतो, हे मला कुठल्या क्लासमध्ये कोणी दाखवलं नव्हतं. पहिल्या रात्री मी तेवढंच करत बसलो होतो. बायकोने दोनदा विचारलं, मिक्सर बिघडलाय का.

त्याआधीचे तीन दिवस मात्र वाया गेले होते. दुकानदाराने ४०१०६ ऐवजी ७४एचसी१४ दिली, 'तेच आहे हो, पाय सारखेच' म्हणाला. पाय खरोखर सारखेच असतात. पण ४०१०६ अठरा व्होल्टपर्यंत चालते आणि ती दुसरी सहाच्या वर टिकत नाही. बॅटरी लावली, आवाज नाही, बोट ठेवलं तर चटका. मला वाटलं माझंच वायरिंग चुकलं, म्हणून तिन्ही आयसी एकामागून एक जाळल्या. पॅनलवाल्याने! शेवटी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून वरचा नंबर वाचला.

भोंगा जमला की पॉट काढून टाका आणि पेन्सिल घ्या. जाड कागदावर ६बी पेन्सिलने वीतभर लांब, चांगली ठसठशीत रेघ गिरवा. रेघेच्या एका टोकाला पाय १ ची वायर चिमट्याने लावा, पाय २ ची उघडी वायर (त्या १० किलोओहममधूनच) डाव्या हातात धरा आणि उजव्या हाताचं बोट रेघेवर ठेवा. कपॅसिटर ०.०१ चा लावा. बोट सरकवलं की सूर सरकतो, म्हणजे मींड मिळते. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली, त्यात एक मुख्य आक्षेप हाच होता की तिच्यात मींड नाही. इथे कागदाच्या कपट्यावर ती मिळते. हे फक्त बॅटरीवर करायचं, अ‍ॅडॉप्टर किंवा चार्जर लावून अजिबात नाही, कारण सर्किटमध्ये तुम्ही स्वतः आहात.

त्यामुळेच याची गंमत ही की सूर तुमच्या कातडीवर ठरतो. मे महिन्यात बोटं कोरडी, सूर खाली. पाऊस लागला की बोटं दमट, सूर वर. आमच्या भजनी मंडळात एकदा घेऊन गेलो होतो. तबलजीने हातोडी काढून विचारलं, 'याची पट्टी कोणती?' म्हटलं, पाऊस किती पडतो त्यावर आहे. त्याने हातोडी परत पिशवीत टाकली.

आता थेरेमिन. रशियाच्या लेव्ह टर्मनने १९२० च्या सुमारास ते केलं. हात न लावता वाजणारं वाद्य: उभ्या दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, आडव्या कडीजवळ नेला की आवाज कमी होतो. आत कानाला न ऐकू येणारे दोन खूप वरचे ऑसिलेटर असतात. आपला हात त्यातल्या एकाला किंचित हलवतो आणि दोघांतला फरक तेवढा ऐकू येतो. कल्पना समजायला माळ्यावरचे दोन जुने, काटा फिरवायचे ट्रान्झिस्टर पुरतात. एकावर मीडियम वेव्हचं हजाराच्या पुढचं स्टेशन लावा. रेडिओच्या आतला स्वतःचा ऑसिलेटर लावलेल्या स्टेशनपेक्षा साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, म्हणून दुसरा त्याला चिकटवून तेवढाच खाली लावा, म्हणजे पहिला १०४४ वर असेल तर दुसरा ५८९ च्या आसपास, आणि त्याचा आवाज बंद करा. काटा हळू हलवला की पहिल्यातून शीळ येते. दुसऱ्याचं मागचं झाकण काढून आत हात जवळ नेला की शीळ हलते. अर्थात सेलवर चालवताना. नव्या डिजिटल रेडिओवर हे होत नाही. खरं थेरेमिन वाजवणं मात्र अवघड आहे. मला षड्जावर स्थिर राहता येत नाही, आणि शेजारून कोणी चालत गेलं तरी सूर ढळतो.

अजून एक फुकटातला खेळ: बागेतल्या दिव्याचं छोटं सोलर पॅनल ऑडिओ केबलला जोडून अ‍ॅम्प्लिफायरला लावा आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटसमोर धरा. वीज ५० हर्ट्झची, नळी सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा वर गुणगुण ऐकू येते.

हे वेड आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी रोलंड कंपनीचा टीबी-३०३ सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे तालयंत्र वापरून रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. टीबी-३०३ मुळात बास गिटारच्या जागी आलेलं यंत्र, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती, म्हणजे पुन्हा मींडच.

राहिलेले साडेचार हजार सहा महिन्यांनी खर्च करा. तोवर संगणकावर व्हीसीव्ही रॅक हे सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या, वायरी ओढून ऑसिलेटर-फिल्टर जोडायला त्यात बरं कळतं. मग जुना मिळाला तर कोर्ग कंपनीचा मोनोट्रॉन हा छोटा सिंथेसायझर बघा. २०१० चा, तळहातावर मावणारा, पट्ट्यांऐवजी रिबन, म्हणजे बोट सरकवायची पट्टी. घेताना सेलचा कप्पा उघडून पाहा, आत हिरवट बुरशी धरलेली असेल तर हात जोडा.

सुटे भाग आधी एम. जी. रोड, शालिमारकडे विचारा. नाहीच मिळाले तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरा, तिथून लोकलने ग्रँट रोड, पुढे लॅमिंग्टन रोड चालत. आयसी चार घ्या, एक जळणारच. आणि पैसे देण्याआधी तिच्यावरचा नंबर वाचा.