मोरनाच शिकताय? आधी गुडघे सांभाळा

अरे, पहिल्याच दिवशी हाताच्या मुद्रांमागे लागू नकोस. चीनच्या युन्नान प्रांतातल्या ताई (Dai) जमातीच्या मोरनाचात सगळा जीव गुडघ्यात असतो, ढोलाच्या ठेक्यावर खाली दबायचं नि सावकाश वर यायचं, मांड्या पेटतात पहिले काही दिवस, माझ्याही पेटल्या होत्या. मग शरीराचे तीन बाक, आपल्या ओडिसीतल्या त्रिभंगाची आठवण येईल पण तसा करायला जाऊ नकोस, चाल वेगळीय. मोराचं डोकं करताना अंगठा-तर्जनी जवळ, बाकी तीन बोटं पंख्यासारखी.

आणि हो, यूट्यूबवर यांग लिपिंग ही चिनी नर्तकी बघशीलच, भारीच आहे, पण ती पाई (Bai) या दुसऱ्याच समाजाची आणि तो स्टेजचा प्रकार. युन्नानमधल्या रुइलीकडे पूर्वी पुरुषच नाचायचे, पाठीवर पंखांचा सांगाडा बांधून! एप्रिलमधल्या पाणी उडवायच्या सणाचे, हत्तीच्या पायासारख्या लांब ढोलाचे व्हिडिओ आधी ऐक, बघ नंतर.