हायड्रॉलिक जोडलं की इंजिन दबतं, डिझेल वाढतं

50 एचपीच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक मोटरचं (तेलाच्या दाबावर फिरणारं) अवजार जोडलं की इंजिन दबतं, डिझेल जास्त जातं, पंप गेला का असं विचारलंय तुम्ही. पंप बदलायची घाई करू नका, आधी साधा हिशोब करा. मिनिटाला किती लिटर तेल आणि किती बार प्रेशर, याचा गुणाकार करून 600 ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. 40 लिटर आणि 180 बार धरले तर 12 किलोवॅट, म्हणजे 16 एचपी झाले, आणि पंपातली गळती-घर्षण धरून इंजिनला 19-20 द्यावे लागतात. 50 मधले 20 तिकडे गेल्यावर इंजिन दबणारच ना!

पण तेवढं काम होत असेल तर ठीक, खरी नासाडी होते ती तेल नुसतं फिरण्यात. सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा) दांडा पूर्ण बाहेर आला तरी लिव्हर तसाच अडकलेला राहिला तर गिअर पंप तेल ढकलतच राहतो, मग रिलीफ वाल्व (प्रेशर फार वाढलं की तेल टाकीत सोडणारा) उघडतो आणि वरचे सगळे 12 किलोवॅट तेल तापवण्यात जातात. असं तासभर चाललं तर साधारण 4 लिटर डिझेल वाया. आवाज बदलतो बघा तेव्हा, कान ठेवा तिकडे.

तुमच्या केसमध्ये मला दुसरीच शंका येते. मोटरला 20 लिटर पुरत असेल आणि पंप 40 देत असेल तर फ्लो कंट्रोल (मोटरकडे जाणारं तेल कमी-जास्त करणारा वाल्व) कमी करून भागत नाही, उरलेलं तेल प्रेशर खाऊनच टाकीत परत येतं, 150 बारला 5 किलोवॅट गेलेच. त्यापेक्षा आरपीएम उतरवा आणि एक गिअर वर टाका. लोड सेन्सिंगवाला पंप मात्र लागेल तेवढंच तेल देतो, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. आणि हेच अवजार पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) मिळत असेल तर मी तेच घेईन, कारण पंप आणि मोटर दोन्हीकडे थोडं थोडं जाऊन साधारण तिसरा हिस्सा वाटेतच संपतो.

बाकी हायड्रॉलिक नुसतं खातंच असं नाही हं, नांगरताना ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचलणारी सोय) नीट लावला तर अवजाराचं वजन मागच्या चाकांवर येतं, चाकं कमी घसरतात आणि डिझेल वाचतं.

मोटरच्या पाटीवरचे लिटर आणि बार कळवा, पंपाशी जुळतात का ते सांगतो.